डू द नीडफुल

परवा रविवारी भाचीचा फोन आला. ती इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संशोधन करते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आत्या, एक विचारू? आमच्या डिपार्टमेंटला भारतातल्या एका कॉलेजातून मेल आलाय. शेवटी लिहिलंय, 'प्लीज डू द नीडफुल'. इथल्या ऑफिसातल्या बाई मला विचारतायत की आम्ही नेमकं करायचंय काय? मेल दोनदा वाचला, मलाही कळेना. तुम्ही लोक असं का गं लिहिता?"

मी हसून वेळ मारून नेली. पण ते 'तुम्ही लोक' दिवसभर डोक्यात राहिलं. कारण ते लोक म्हणजे आम्हीच. सव्वीस वर्षं मी एका विद्यापीठाच्या कार्यालयात काढली. लिपिक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. या हातांनी 'डू द नीडफुल' किती वेळा लिहिलं असेल त्याची गणतीच नाही. (दादा-वहिनी, तुमच्या लेकीबद्दल तक्रार नाही हं. तिने विचारलं ते बरोबरच होतं, म्हणून तर लिहायला बसले.)

आधी त्या बिचाऱ्या 'नीडफुल'ची बाजू मांडते. हा प्रयोग आपण शोधून काढलेला नाही, तो साहेबाचाच. त्याच्याकडे तो जुना होऊन मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांमध्ये राहून गेला. राहिला, कारण आपल्याकडे त्याला बसायला जागा तयार होती. 'योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' आमच्या पिढीच्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात पत्र आधी मराठीत तयार व्हायचं आणि मग बोटांतून इंग्रजीत उतरायचं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' झालं की 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट'. 'आपला विश्वासू' झालं की 'युअर्स फेथफुली'. आणि गंमत अशी की सरकारी मराठीचा हा साचा स्वतःच बराचसा इंग्रजी पत्रांवर बेतलेला. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत आणायचा ठरलं, तेव्हा विषय, संदर्भ, महोदय ही सगळी मांडणी तिकडचीच राहिली. म्हणजे इंग्रजीचं मराठी आणि त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी. दोनदा गाळलेल्या चहासारखं. रंग आहे, चव गेली.

दुसरं कारण मानाचं. आमचे आजोबा पत्र लिहायचे तेव्हा मजकूर चारच ओळींचा असायचा, पण 'तीर्थरूप', 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' आणि शेवटी 'लोभ असावा' याशिवाय पत्र पुरं होत नसे. नुसत्या मायन्यावरून कळायचं की लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना मिळून एकच 'यू'. मग मान ठेवायचा कुठे? आम्ही तो 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली', 'युअर गुडसेल्फ' असल्या शब्दांमध्ये भरत राहतो. आमच्या शाखेत एक वरिष्ठ लिपिक होते, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. एका परदेशी बाईंना मेल लिहायचा होता. मी सांगितलं, 'डिअर' लिहून पुढे त्यांचं नाव लिहा. भाऊसाहेब पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, परक्या बाईला 'प्रिय' कसं लिहायचं हो? आमच्या घरी कळलं तर?" सगळी शाखा हसली. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांच्यासाठी 'डिअर' म्हणजे 'प्रिय'च होतं. तो तिकडचा नुसता मायना आहे, त्यात प्रेमबीम काही नसतं, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगणार कोण? माझ्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं.) नोकरीला लागताना परीक्षा कसली, तर टायपिंगची. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. ते चाळीस शब्द कोणते लिहायचे, हे कुणी विचारलंही नाही आणि शिकवलंही नाही. जुन्या नस्तीतलं पत्र काढायचं, नाव बदलायचं, तारीख बदलायची, सही घ्यायची. असंच आम्ही शिकलो. म्हणून कुणी या इंग्रजीला फिदीफिदी हसलं की मला राग येतो. अजूनही येतो.

पण... हा 'पण' लिहायला मला बरीच वर्षं लागली.

२००९ ची गोष्ट. मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाचा मेल आला. आमच्याकडून पदवी घेतलेल्या एका मुलीला तिथे प्रवेश मिळाला होता, वर असिस्टंटशिपही. म्हणजे फी माफ आणि हातात थोडे पैसे. मुलगी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, वडील एसटीत कंडक्टर. मेलमध्ये साधा प्रश्न होता. पासपोर्टवर नाव एका क्रमाने आहे आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या, तर ही एकच व्यक्ती आहे का?

आता आपल्याला यात काही अडचण दिसतच नाही. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. समजा 'पाटील स्वाती रमेश'. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव 'स्वाती रमेश'. आपण झोपेतही सांगू की मुलगी एकच. पण तिकडच्या माणसाला 'पाटील' हे तिचं नाव आणि 'रमेश' हे आडनाव वाटतं. म्हणून त्याने विचारलं.

मी उत्तर काय दिलं? मेल आल्यावर चार दिवसांनी, वरून मान्यता घेऊन, मी लिहिलं की आपल्या मेलच्या संदर्भात कळवण्यात येते की सदर विद्यार्थिनी या विद्यापीठाची बोनाफाईड विद्यार्थिनी असून अभिलेखावरून पडताळणी करण्यात आली आहे, तरी काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज. व्याकरणाची एकही चूक नव्हती. साहेबांनी 'ड्राफ्ट चांगला आहे' असंही म्हटलं. फक्त त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

त्यांचा पुन्हा मेल आला. आभारी आहोत, पण दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत का ते कळवा. आणि खाली मुदत होती, ०६/०८/२००९. मी वाचलं सहा ऑगस्ट. म्हटलं, अजून दोन महिने आहेत. प्रिंट काढून नस्तीला लावली आणि पुतण्याच्या लग्नासाठी रजेवर गेले. अमेरिकेत महिना आधी लिहितात हो. ती तारीख आठ जून होती.

मी परत येऊन उत्तर पाठवलं तेव्हा जूनचा तिसरा आठवडा उजाडला होता. तिचा प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला गेला आणि असिस्टंटशिप दुसऱ्या कुणाला मिळाली.

मुलगी वडिलांना घेऊन कार्यालयात आली. ती काहीच बोलली नाही. वडिलांच्या हातात आमच्या मेलची प्रिंट होती, घडी घालून घालून मऊ झालेली. मी तारखेचं समजावून सांगू लागले, मान्यतेचं सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही. पण तुम्हाला येतं ना?"

मला इंग्रजी येत होतं. तेच तर. मला इंग्रजी येत होतं आणि तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

(ती पुढच्या जानेवारीत गेली, कर्ज काढून. आता बरं चाललंय, असं ऐकून आहे. पण ते कर्ज माझ्या दोन ओळींचं होतं, हे मी विसरलेले नाही.)

त्या दिवसानंतर मी आमच्या शाखेपुरत्या काही गोष्टी ठरवून घेतल्या. इंग्रजी सुधारायच्या नादी लागले नाही. एवढंच बघायचं की समोरच्याने काय विचारलंय, आणि त्याचं उत्तर पहिल्या दोन ओळींत आलंय का. 'होय, ही एकच व्यक्ती आहे. आमच्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात.' संपलं. एवढं इंग्रजी भाऊसाहेबांना सहज येत होतं. त्यांना वाटायचं की असं लिहिणं उद्धट दिसेल. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला नुसतं 'यस'?

तारखेतला महिना नेहमी अक्षरात लिहायचा. ८ जून म्हटल्यावर जगात कुठेही आठ जूनच.

विषयाच्या ओळीत नुसतं 'रिगार्डिंग' किंवा 'अर्जंट' लिहायचं नाही. विद्यार्थ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि काय हवंय ते लिहायचं. समोरच्याकडेही रोज शंभर मेल येत असणार, आपला त्याने शोधायचा कसा?

आपले घरगुती शब्द सांभाळून वापरायचे. आम्ही सर्रास लिहायचो की अमुक विद्यार्थी २००४ साली 'पास्ड आउट' झाला. तिकडे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडला! 'वुई हॅव अ डाउट' म्हणजे आपल्याला एक शंका विचारायची असते, त्यांना वाटतं आम्ही संशय घेतोय. 'एटीकेटी' तर आपल्याबाहेर कुणालाच कळत नाही, तिथे सरळ लिहावं लागतं की एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू देतात. रक्कम लिहिताना 'लाख' चालत नाही. 'प्रीपोन' आपल्याकडे कुणालाही कळतं, तिकडच्याला विचार करावा लागतो. यात आपलं इंग्रजी हलकं आणि त्यांचं भारी असं काही नाही. कोल्हापूरच्या माणसाने नागपुरात बोलताना दोन शब्द बदलावेत, तेवढीच ही गोष्ट.

आणि समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे नावावरून कळत नसेल, तर 'सर' म्हणून मोकळं व्हायचं नाही. पूर्ण नाव लिहायचं. शेवटी भाऊसाहेबही 'डिअर' लिहायला लागले. घरी सांगितलं का, ते विचारलं नाही :)

आता मुद्द्याचं बोलते, कारण वरचं सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल.

आम्ही 'मॅटर इज अंडर प्रोसेस' का लिहायचो? इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. 'शुक्रवारपर्यंत कळवतो' हे त्यापेक्षा कितीतरी सोपं इंग्रजी आहे. पण शुक्रवार लिहायचा अधिकार आम्हाला नव्हता. शुक्रवार लिहिला आणि वरची सही आली नाही, तर जाब कोणाला? ज्याने लिहिलं त्याला. मग माणूस शहाणा होतो. 'कळवण्यात येते', 'विचाराधीन आहे', 'उचित कार्यवाही करण्यात येईल'. कोण करेल? कधी करेल? वाक्यातून कर्ताच गायब. हे कर्मणी प्रयोग आम्ही चिलखतासारखे घालून बसायचो, आणि तेच चिलखत घालून इंग्रजीत शिरायचो.

म्हणून विद्यापीठांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी 'प्रोफेशनल ईमेल रायटिंग'ची एकदिवसीय कार्यशाळा ठेवतात ना, त्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. कार्यशाळा जरूर ठेवा. पण त्याच दिवशी एक आदेशही काढा, की ज्याच्याकडे मेल आला त्याने दोन दिवसांत पोच द्यायची, आणि त्या पोचेत तारीख लिहायचा अधिकार त्याला आहे. खाली स्वतःचं नाव, पद आणि फोन नंबर लिहायचा. नुसतं 'कक्ष अधिकारी' नाही. त्या मुलीच्या वेळी मी दुसऱ्या मेलची पोच जरी दिली असती, की 'सहा ऑगस्टच्या आत उत्तर देऊ', तरी तिकडच्या माणसाने त्याच दिवशी कळवलं असतं की बाई, तारीख चुकतेय तुमची. एका ओळीने काम झालं असतं. ती ओळ लिहायला मला परवानगी लागत होती, आणि परवानगी घ्यायला नस्ती लागत होती.

साहेब लोकांना हे पटत नाही. ते म्हणतात, आमच्या स्टाफचं इंग्रजीच कच्चं आहे. इंग्रजीला दोष दिला की बाकी कशालाच हात लावावा लागत नाही.

आता तर तीही सबब उरलेली नाही. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, आणि आमच्या जुन्या शाखेतली नवी मुलं त्यातून मेल लिहून घेतात. परवा एकाने कौतुकाने दाखवला. 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' पासून सुरुवात, पुढे तीन परिच्छेद, एकही चूक नाही, भाषा कशी लोण्यासारखी. मी दोनदा वाचला आणि विचारलं, "बाळा, ट्रान्सक्रिप्ट देणार की नाही? आणि कधी?" तो म्हणाला, "मॅडम, ते अजून ठरलं नाही." म्हणजे 'मॅटर इज अंडर प्रोसेस'च, फक्त इस्त्री करून. मशिनला शुक्रवार कुठून माहीत असणार? तो कुणीतरी ठरवावा लागतो. त्यात विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, गुण सगळं त्यात चिकटवलेलं, तो वेगळाच घोर.

आणि एक शेवटचं. आपल्याच विद्यापीठाचा कर्मचारी मराठी, विद्यार्थी मराठी, त्याचा बाप मराठी, आणि आम्ही एकमेकांना इंग्रजीत मेल लिहायचो. का? पूर्वी कारण होतं. कार्यालयातले मराठी फाँट युनिकोड नव्हते, इकडे टाइप केलेलं तिकडे चौकोन आणि चिन्हं होऊन उमटायचं. आता ते कारण संपून जमाना झाला. आता मोबाइलवर पोरं मराठीत गप्पा मारतात. मग वसतिगृहाच्या प्रवेशाचा मेल 'यू आर हियरबाय इंटिमेटेड' असा कशाला? 'तुमचा अर्ज मिळाला, उत्पन्नाचा दाखला राहिलाय, १५ जुलैच्या आत आणा' असं लिहिलं तर विद्यापीठाची शान जाते का? परदेशात लिहायचं ते इंग्रजीत लिहू, नीट लिहू. पण जिथे मराठीने काम होतं तिथे इंग्रजी वापरणं म्हणजे त्या कंडक्टरला पुन्हा खिडकीबाहेर उभं करणं आहे. मेलची घडी घालून तो कुणालातरी विचारत फिरणार, यात काय लिहिलंय हो?

असो. भाचीला संध्याकाळी परत फोन केला. म्हटलं, त्या कॉलेजला हसू नका. सरळ लिहा की तुम्हाला आमच्याकडून कोणता कागद हवाय आणि कोणत्या तारखेपर्यंत हवाय? खाली त्या बाईंना स्वतःचं नाव लिहायला सांग.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. कॉलेजचं उत्तर आलं होतं, एका ओळीचं. त्यांना त्यांच्या एका प्राध्यापकासाठी फक्त निमंत्रणाचं पत्र हवं होतं, व्हिसासाठी. मुदत सांगितली होती, आणि महिना अक्षरात लिहिला होता. खाली एका वरिष्ठ लिपिकाचं पूर्ण नाव होतं.

आडनाव आधी :)